समुद्रतळावरील नळ आणि लाटांचे बळ

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरील ‘बॉम्बे हाय’ या तेलक्षेत्राचा शोध १९७४ मध्ये लागला. तेथील तेल व वायू समुद्रतळावरील नळांतून उरणला आणले जातात. पृष्ठभागावरील लाटांचा या नळांना उपद्रव होतो काय?

लाटेची हालचाल साधारणतः तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत जाणवते. सहा सेकंदांच्या अंतराने येणारी लाट खोल पाण्यात सुमारे ५६ मीटर लांब असते. २८ मीटरखाली तिचा प्रभाव नगण्य ठरतो. बारा सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटेची लांबी मात्र सुमारे २२५ मीटर भरते. त्यामुळे अशी लाट आली की ७५ मीटर खोलीवरील पाणीही पुढेमागे हेलकावते.

हे पाणी नळास आडवे ढकलते व वरही उचलते. उचल वाढली की तळाशी होणारे घर्षण घटते आणि नळ सरकू लागतो. खालची वाळू वाहून गेल्यास तो अधांतरी राहून वाकतो. वायूचा नळ हलका असल्याने त्यास धोका अधिक. यास्तव नळावर काँक्रीटचे जड वेष्टन चढवतात आणि उथळ पाण्यात तो चर खणून पुरतात. नळ फुटल्यास इंधनपुरवठा खंडित होतोच, शिवाय कोळी बांधवांची मासेमारीही संकटात येते. नळाचे स्थैर्य म्हणूनच मोलाचे.