बघणाऱ्या पोरांकडे बघ

अगं, प्रशिक्षणाला तुझं नाव गेलं हे फार बरं झालं. मुलांनी मुलांचा केलेला छळ कसा ओळखायचा आणि कसा थांबवायचा, हे बी.एड.ला आपल्याला कुणी नीट शिकवत नाही. वर्गावर उभं राहिलं की मात्र पहिल्याच आठवड्यात तो समोर येतो. म्हणून जाण्याआधी माझं थोडं ऐकून जा.

आधी भांडण आणि छळ यांतला फरक मनात पक्का कर. कंपासपेटीवरून दोघी भांडल्या, कट्टी झाली, दुसऱ्या दिवशी पुन्हा एकाच डब्यातून खाल्लं. यात आपण मध्ये पडायचं काही कारण नाही. नॉर्वेत बर्गेनला डान ओल्वेयस नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या: मुद्दाम दुखावणं, ते पुन्हा पुन्हा करणं, आणि ज्याला त्रास होतोय त्याचं समोरच्यापुढे काही न चालणं. नॉर्वेत १९८२ च्या अखेरीस तीन मुलांनी जीव दिला. मग १९८३ साली देशभरच्या शाळांत मोहीम सुरू झाली आणि बर्गेनच्या शाळांमध्ये ओल्वेयस यांनी आपला कार्यक्रम राबवला.

त्यातली तिसरी खूण आपल्या हातून फार निसटते. तक्रार आली की आपण दोघांना टेबलापाशी उभं करतो, 'सॉरी म्हण, हात मिळवा' असं सांगतो आणि फळ्याकडे वळतो. महिनाभर ज्याला घाबरून राहिलाय त्याच्या शेजारी उभं राहून पोरगं काय बोलणार? 'काही नाही बाई' एवढंच. आणि सांगितल्याचा हिशेब परतीच्या रिक्षात चुकता होतो. तडजोड बरोबरीच्या भांडणात चालते. इथे ती करू नकोस, दुसऱ्या कुणी सुचवली तरी अडव.

आता मला मुख्य सांगायचंय ते ऐक. छळ दोघांत होत नाही, त्याला प्रेक्षक लागतात. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठातल्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ मध्ये सहावीच्या वर्गांचा अभ्यास करून दाखवलं की छळात बहुतेक सगळ्या वर्गाचा काही ना काही वाटा असतो. कुणी पुढाऱ्याला हात देतं, कुणी नुसतं हसून त्याला चढवतं, कुणी मान वळवतं, थोडी मुलं मात्र सोडवायला जातात. टोरांटोच्या शाळांमध्ये मैदानावर कॅमेरे लावून केलेला एक अभ्यास २००१ मध्ये छापून आला. त्यात बहुतेक प्रसंगांत इतर मुलं हजर होती, पण मध्ये पडली ती फक्त १९ टक्के प्रसंगांत. आणि जेव्हा पडली, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. दहा सेकंद! एवढ्या वेळात आपण स्टाफरूममधून दारापर्यंतही पोचत नाही.

म्हणून प्रशिक्षणाला गेलीस की दांडगाई करणाऱ्या एका पोराला शिक्षा काय द्यायची, यावरच दोन दिवस घालवू देऊ नकोस. हसणाऱ्या बारा जणांचं काय करायचं, ते विचार. फिनलंडमध्ये २००९ पासून देशभर पसरलेला 'किवा' कार्यक्रम याच पायावर उभा आहे. त्यात वर्गात ठरलेले पाठ होतात, मुलं भूमिका घेऊन सराव करतात. एखाद्याचा छळ उघडकीला आला की शिक्षक वर्गातल्या दोन-चार वजनदार मुलांना वेगळं बोलावून त्याला सोबत करायला सांगतात. आपल्याकडे हे उद्यासुद्धा करता येईल. ज्यांचं वर्ग ऐकतो अशा दोघीतिघींना बाजूला घे आणि म्हण, 'हिचं सध्या बरं चाललेलं नाही. तुम्ही काय करू शकाल?' उत्तर त्यांनाच देऊ दे. डबा खायला जवळ बसू, बसमध्ये जागा धरू, असं त्या आपणहून सांगतील.

पण मुलं आधी आपल्याकडे बघतात, हे विसरू नकोस. एखादा मुलगा 'पाणी'ला 'पानी' म्हणाला, वर्ग हसला आणि बाईंच्या ओठावरही हसू आलं, की त्या क्षणी सगळ्यांना परवाना मिळाला. जाड्या, काळू, तोतरा ही नावं बाईंच्या तोंडून एकदा जरी आली, तरी ती त्याला दहावीपर्यंत चिकटतात. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी प्रवर्ग विचारायचा तर भर वर्गात उभं करून विचारू नकोस. यादी घेऊन एकेकाला जवळ बोलाव. जातीवरून चिडवण्याची सुरुवात मी अशा यादीवाचनातून झालेली पाहिली आहे. माझा यावर फार राग आहे, म्हणून तुला जोर देऊन सांगते. मुलांना मारायला आणि मानसिक त्रास द्यायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमानेच मनाई आहे. प्रशिक्षणात ते कलम सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लाव.

प्रसंग समोर घडताना काय बोलायचं, याचा सराव तोंडाने कर. मनातल्या मनात ठरवलेलं वाक्य ऐनवेळी आठवत नाही आणि आपण ओरडतो. 'या वर्गात तिला या नावाने हाक मारायची नाही. आपल्या जागेवर बस.' एवढंच, शांत आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. चौकशी तिथे करू नकोस. नंतर ज्याला त्रास झाला त्याला आधी भेट, आणि तेही वर्गातून नाव पुकारून बोलावू नकोस. वह्या उचलायला म्हणून बोलाव. 'तू काय केलं होतंस?' हा प्रश्न विचारायचाच नाही. मग त्रास देणाऱ्यांना एकेकटं, पण लागोपाठच्या तासांना बोलाव, म्हणजे आपसात जुळवून घ्यायला त्यांना वेळ मिळत नाही. ओरडू नकोस, काय थांबायला हवं ते नेमकं सांग. आठवड्या-दोन आठवड्यांनी सगळ्यांना पुन्हा भेट. ही दुसरी भेट बहुतेक जण विसरतात आणि तिथेच सगळं वाया जातं.

'बाई, कुणाला सांगू नका' असं मूल म्हणालं तर तसं वचन देऊ नकोस. 'ज्यांना सांगणं गरजेचं आहे, त्यांनाच सांगेन' असं म्हण. प्रकार लैंगिक असेल तर पॉक्सो कायद्याप्रमाणे तो कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. तिथे शाळेतल्या कुठल्या समितीच्या बैठकीची वाट बघायची नाही.

आणखी एक कर. मुलांना शाळेचा साधा नकाशा देऊन, नाव न लिहिता, भीती वाटते त्या जागी फुली मारायला सांग. स्वच्छतागृह, पाण्याच्या नळाची रांग, जिन्याचं वळण, बसची मागची बाकं... फुल्या कुठे दाटतात ते बघ. मधल्या सुट्टीची ड्यूटी तिथे लाव, चहाच्या जवळच्या व्हरांड्यात नको.

आणि त्या जागी आपल्यापेक्षा जास्त वेळ कोण असतं? शिपाईमामा, बसमधल्या ताई, खिचडी वाढणाऱ्या मावशी. त्यांना या प्रशिक्षणाला कुणी बोलावत नाही. मुख्याध्यापकांकडे आजच लेखी मागणी कर: पहिल्या दिवशी निदान दोन तास त्यांनाही बसवा, आणि काही दिसलं तर कुणाला सांगायचं, ते नाव त्यांना तिथेच द्या. साधनव्यक्ती म्हणतील की वेळापत्रकात जागा नाही. उद्घाटनाची भाषणं कमी करा, असं तू सांग.