शिक्षणाधिकाऱ्यांचे साप्ताहिक पत्र

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्याकडे आला. शिक्षणाधिकाऱ्यांचे परिपत्रक शाळेत पोहोचते. मात्र बहुधा मुख्याध्यापकांच्या फायलीतच विसावते. म्हणून शिक्षक व ग्रामस्थ या दोहोंना उद्देशून दर आठवड्यास एक छोटे पत्र लिहिणे अगत्याचे ठरते.

बीड जिल्ह्याचेच पाहा. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणी कामगारांची बिऱ्हाडे साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. मुले बरोबर गेली की त्यांची शाळा तुटते. त्यांना गावीच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहे चालविली जातात. परंतु मुकादमाची उचल घेऊन निघण्याचा दिवस ठरल्यावर ही माहिती कळून उपयोग काय? पत्र भाद्रपदातच गेले पाहिजे. मूल कोठे राहील, जेवण कोण देईल, नाव कोणाकडे नोंदवावे, एवढेच त्यात असावे. ‘उपरोक्त विषयान्वये’ तेवढे वगळावे!

शिक्षण हक्क कायदा, २००९ अन्वये शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पत्राचे वाचन त्यांच्या बैठकीत व्हावे, ग्रामपंचायतीने दवंडी द्यावी. पालकांच्या शंका शिक्षकांनी टिपून घ्याव्यात आणि त्यांची उत्तरे पुढील आठवड्याच्या पत्रात यावीत.