घाबरणाऱ्या भाचीस

शरणपूर, नाशिक

चि. सोनू,



तुझं पत्र मिळालं. हल्ली तुम्ही मुली सगळं फोनवरच उरकता. तू कागदावर लिहिलंस, म्हणजे गोष्ट मनाला लागलेली दिसते, म्हणून मीही कागद घेऊन बसले आहे.

तू दोन प्रश्न विचारलेस. संजीवन सभेत वक्त्याने विचारलं, आज रात्री ट्रकखाली आलात तर कुठे जाल? तू थरथरत पुढे गेलीस आणि गुडघे टेकलेस. तो विश्वास खरा की नुसती भीती? आणि दुसरं असं, की नाइट ड्युटीला निघताना तुझी छाती धडधडते, हात गार पडतात, आणि होस्टेलमधली सीनियर म्हणते, प्रभूवर विश्वास असता तर घाबरली नसतीस. मग तुझा विश्वास नाहीच का?

मला हे दोन प्रश्न वाटतच नाहीत. आधी घाबरवायचं आणि मग घाबरलीस म्हणून बोल लावायचा, हा एकच व्यवहार आहे, माणसं दोन असली म्हणून काय झालं! त्या रात्री तू गुडघे टेकलेस ते भीतीने की विश्वासाने, याची चिरफाड करत बसू नकोस. माणूस कुठल्या का कारणाने होईना, देवाच्या दाराशी गेला तर देव त्याला कारण विचारून परत पाठवत नाही. फक्त रोज त्याच कारणाने जावं लागत असेल, तर मात्र काहीतरी चुकतंय.

इतकी वर्षं शब्बाथशाळा घेतली, त्यात मुलांना मी एक खेळ सांगायचे. शुभवर्तमानं वाचा, पण फक्त घाबरलेली माणसं शोधा. तूही करून बघ. होडीतले शिष्य वादळाला भ्याले. मार्क सांगतो, प्रभूने आधी वारा थांबवला आणि मग विचारलं, एवढे का भ्यालात? मत्तयाने तोच प्रसंग लिहिताना क्रम उलटा ठेवलाय, बोलणं आधी आणि वादळ शांत होणं मागाहून. मला मार्कचा क्रम आवडतो. बुडणाऱ्याला आधी काठाला आणावं, कानउघाडणी नंतर. आजारी मुलाचा बाप येतो, आपला विश्वास अर्धवट आहे हे स्वतःच रडत कबूल करतो, आणि तेवढ्यावर त्याचा मुलगा बरा होतो. आधी विश्वास पुरा करून ये, असं त्याला कुणी म्हणत नाही. गेथशेमानेत तर प्रभू स्वतःच व्याकूळ झाला. समोरचं मरण टळावं अशी त्याने मागणी केली. लूकने त्या रात्रीच्या घामाचं जे वर्णन केलंय ते तुझ्यासारख्या नर्सने वाचावं. तुझी सीनियर तिथे असती तर तिने त्यालाही विश्वास वाढवायला सांगितलं असतं. (आगाऊपणा झाला, पण लिहिलंय ते राहू दे.)

आणि मार्कच्या पुस्तकाचा शेवट. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ते पुस्तक कुठे संपतं ठाऊक आहे? कबर रिकामी बघून बायका पळाल्या, आणि इतक्या भ्याल्या होत्या की कुणाशी काही बोलल्या नाहीत. संपलं तिथेच. पुढच्या ओळी मागाहून जोडलेल्या आहेत, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे पुनरुत्थानाची पहिली खबर ज्यांच्या हाती आली त्या बायकांची बोबडी वळली होती.

सभेत तुम्हाला असंही सांगितलं म्हणे, की पवित्र शास्त्रात ‘भिऊ नका’ बरोबर 365 वेळा आहे, दिवसाला एक. मोजायला बस. तो आकडा काही भरत नाही.

घाबरलेल्या एका माणसाला मात्र प्रभू सोडत नाही, आणि तो दाखला तू नीट वाचावास. मत्तयाचा 25वा अध्याय. धनी तीन चाकरांकडे पैसे सोपवून जातो. दोघे ते वाढवतात, तिसरा जमिनीत पुरून ठेवतो आणि धनी आल्यावर सांगतो, तुम्ही कठोर, म्हणून मी भ्यालो. त्याला शिक्षा झाली ती हातपाय लटपटले म्हणून नव्हे. धनी कठोरच असणार असं त्याने ठरवून टाकलं आणि त्या भीतीपोटी हाती दिलेलं मातीत घातलं, म्हणून. सोनू, तुझ्या भीतीला मी एवढंच विचारीन, की तिने तुला काय पुरायला लावलं? तू ड्युटीला जातेस ना? पेशंटचा हात धरतेस ना? मग धडधडू दे छाती.

नरक नाहीच, असं मी तुला सांगणार नाही. न्यायाबद्दल प्रभू स्पष्ट बोललाय, आणि ते झाकून ठेवणारे पाळकही मला पटत नाहीत. पण त्याच 25व्या अध्यायात पुढे न्यायाचा देखावा आहे. तिथे विचारणा कशाची होते? भुकेल्याला जेवायला दिलंत का, तहानलेल्याला पाणी, उघड्याला कपडा, आजाऱ्याला आणि कैद्याला भेटलात का. ट्रकचा प्रश्न विचारणारे हे प्रश्न विचारत नाहीत. विचारले तर हात वर करायला माणसं कमी निघतील, आणि वर्गणीसुद्धा.

आता जरा नाशिकचं सांगते. तुला जलालपूर आठवतं? गोदावरीकाठचं, शहराजवळचंच गाव. लक्ष्मीबाई टिळकांचं माहेर. त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ तू शाळेत धड्यापुरतं वाचलंस, आता सबंध वाच. त्यांचे वडील, नाना गोखले, सोवळ्याने झपाटलेले होते. 1857च्या धामधुमीत त्यांचे सासरे फासावर गेले, आणि त्या धक्क्यानंतर विटाळाच्या भयाने त्यांना असं धरलं की घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय घ्यायची नाही, मीठ-साखरसुद्धा. बायकोपोरांचा जीव मेटाकुटीला आला. लक्ष्मीबाईंनी हे सगळं हसत लिहिलंय, आणि वाचणाराही हसतो. पण हसता हसता बघ, त्या घरात देवधर्म भरपूर होता आणि क्षणाची स्वस्थता नव्हती.

अशा घरातली ही मुलगी टिळकांना दिली. पुढे, आगगाडीत एका अनोळखी साहेबाने दिलेला नवा करार टिळकांनी वाचायला घेतला आणि ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. नरकाच्या वर्णनापाशी नव्हे, हे ध्यानात ठेव. 10 फेब्रुवारी 1895ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. नवरा जिवंत आणि संसार मोडलेला. पुढे नगरला त्या टिळकांकडे आल्या तरी आपलं सोवळं, आपलं वेगळं पाणी त्यांनी सोडलं नाही. टिळक कवी, तापट, पण या बाबतीत त्यांनी धाक घातला नाही. सोवळं सांभाळायची सोयच करून दिली. मग राहुरीला असताना एके दिवशी लक्ष्मीबाईंच्या मनाने आपणच घेतलं, की या जाती देवाने केलेल्या नाहीत, माणसाने केल्यात. त्यानंतर कुणाच्याही हातचं पाणी त्यांना चालू लागलं. बाप्तिस्मा त्याच्याही नंतरचा. मला वाटतं त्यांची खरी दीक्षा त्या पाण्याच्या भांड्यापाशी झाली, पण हे माझं मत, पाळकसाहेबांना सांगू नकोस. भीती गेली ती कुणी ‘भिऊ नकोस’ म्हणून दटावल्याने नाही. दुसऱ्या बाजूला कुणीतरी घाई न करता थांबलं होतं म्हणून.

आणि नानांना हसून झालं की जरा आपल्या घरात बघ. हा मेसेज दहा जणांना पाठवा नाहीतर अनर्थ होईल, असा येशूच्या चित्राचा मेसेज मंडळीच्या ग्रुपवर आला की आपल्यातल्या शिकल्यासवरल्या बायका निमूट पुढे ढकलतात. अमक्याने प्रार्थना केलेलं तेल, तमक्याचा उपवास मोडला म्हणून पोराला ताप. मीठ धुणं याहून वेगळं काय असतं? फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळयेशूची यात्रा भरते, दुसऱ्या शनिवार-रविवारी. आपण प्रोटेस्टंट, तरी मी शेजारणींबरोबर जाऊन येते. सगळ्या धर्मांची माणसं येतात, नवस बोलतात, फेडतात. त्या गर्दीतल्या आईचं डोळे मिटून उभं राहणं मला खरं वाटतं. पण नवस फेडायचा राहिला म्हणून वर्षभर धास्तावलेली बाईही मी पाहिली आहे. तान्ह्या बाळाला कसली वसुली करायची असते, असं मी तिला विचारलं. ती हसली, पण पुढच्या वर्षी गेलीच. माणसाचं मन असंच असतं.

तू ज्या शरणपुरात वाढलीस, तिथल्याच एका मुलाचं सांगायचं राहिलं. विल्यम प्राइस या मिशनऱ्याने 1850च्या दशकात ही वस्ती वसवली हे तुला माहीत आहे. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं पुढे इथे ठेवली जात, शिकवली जात. जेकब वेनराइट त्यांतला. 1872मध्ये तो आफ्रिकेत शोधप्रवासी लिव्हिंग्स्टनच्या मदतीला गेला. 1873च्या मे महिन्यात आजच्या झांबियात लिव्हिंग्स्टन वारले. त्यांचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं, वेनराइटने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव कोरलं. मग त्याने आणि चुमा, सुसी वगैरे सोबत्यांनी वाळवलेला मृतदेह हजारभर मैल चालत किनाऱ्यापर्यंत आणला. वाटेत गावं प्रेताला भीत. आत काय आहे हे कळलं तर पुढे जाऊ देणार नाहीत, म्हणून त्यांनी ते कापडाच्या गठ्ठ्यासारखं बांधलं. ही माणसं निर्भय होती असं मला वाटत नाही. निर्भय माणूस गठ्ठा कशाला बांधेल? 18 एप्रिल 1874ला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा शवपेटीबरोबर आपला हा शरणपूरचा मुलगा होता. एकदा गुलाम म्हणून पकडला गेलेला माणूस त्याच मुलखातून चालला होता. त्याच्या मनात काय काय असेल, ते तुझ्या त्या वक्त्याला विचार.

आता कामाचं. डॉक्टरांनी धडधडीसाठी गोळ्या दिल्यात, त्या घे. प्रार्थना कमी पडली म्हणून गोळ्या लागल्या, असं कुणी म्हणालं तर पौलाने कलस्सैकरांच्या पत्रात लूकचा उल्लेख कसा केलाय ते दाखव, वैद्य म्हणून, आणि प्रेमाने. गोळ्या बंद करायच्या तर डॉक्टरांना विचारून, प्रार्थनासभेत विचारून नव्हे. वॉर्डात तू पाहिलेल्या पहिल्या मृत्यूबद्दल तू अजून कुणाशी नीट बोललेली नाहीस असं मला पत्रावरून वाटतं. तुमच्या सिस्टर ट्यूटरशी बोल. त्यांनी असे पुष्कळ पाहिलेत.

रात्री ड्युटीआधी 23वं स्तोत्र म्हणतेस ते ठीक, पण ज्या दिवशी ते ओठांवर येणार नाही त्या दिवशी 88वं वाच. ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं, कुठेही दिलासा नाही, आणि तरी ते शास्त्रात ठेवलंय. ज्यांनी ठेवलं त्यांना माणसं कळत होती. कुजबुजत वाच हवं तर, रूममेटची झोप मोडू नकोस.

आणि त्या सीनियरशी वाद घालू नकोस. नाइट ड्युटी तिलाही असतेच. एखाद्या पहाटे तिच्याबरोबर कॅन्टीनला चहा घे आणि तिला पहिल्या वर्षी कशाची भीती वाटायची ते विचार. उत्तर आलं तर मला कळव.

ईस्टरला रजा मिळते का ते लवकर सांग, म्हणजे तुझ्या बाबाला तिकिटाचं बघता येईल.

तुझी,
आत्या