डिझेल इस्टेट मोटार : रचना आणि घरच्या घरी करावयाची दुरुस्ती

‘इस्टेट’ हा शब्द कानी पडताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे शेतीवाडी आणि तिच्यामागून येणारी कोर्टकचेरी उभी राहते. मोटारींच्या परिभाषेत या शब्दाचा अर्थ निराळा आहे. जिचे छप्पर मागील टोकापर्यंत सरळ नेलेले असते, मागच्या बाकामागे सामानासाठी मोकळी जागा असते आणि त्या जागेला स्वतंत्र पाचवे दार असते, अशा मोटारीस इस्टेट म्हणतात. इंग्लंडातील जमीनदार रेल्वेस्थानकावरून पाहुणे व त्यांच्या ट्रंका आपल्या मळ्यावर नेण्यास अशा गाड्या वापरीत, म्हणून हे नाव पडले. अमेरिकनांनी स्थानक धरले आणि त्याच गाडीस ‘स्टेशन वॅगन’ म्हटले.

बंगळूरच्या पूर्वेचे व्हाइटफील्ड हेही मुळात शेतीवर जगण्यासाठी वसविलेले गाव होय. डी. एस. व्हाइट यांच्या पुढाकाराने १८८२ साली, म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर, अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी ते वसविण्यात आले. आज तेथे संगणक-उद्योगाच्या टोलेजंग इमारती आहेत आणि २०२३ पासून मेट्रोही धावते. नोकरीनिमित्त पुण्याहून येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी एखाद्याने पुण्यातच तयार झालेली जुनी डिझेल इस्टेट सोबत आणली असेल, तर नवल नाही. अशा कुटुंबास डोळ्यांपुढे ठेवूनच हा पाठ लिहिला आहे.

पुण्याच्या टेल्को कारखान्याने १९९२ साली ‘टाटा इस्टेट’ ही गाडी बाजारात आणली. तिच्या एंजिनात चार सिलिंडर होते. प्रत्येकाचा व्यास ८३ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर. विद्यार्थ्यांनी वृत्तचितीचे घनफळ काढून त्यास चाराने गुणावे, म्हणजे १,९४८ घन सेंटिमीटर हा एंजिनाचा प्रसिद्ध आकडा मिळेल. त्याच घराण्यातील ‘इंडिगो मरीना’ २००४ साली आली. तिचे डिझेल एंजिन १,४०५ घन सेंटिमीटरचे होते. दोन्ही गाड्यांचे उत्पादन आता बंद झाले आहे. साहजिकच ज्यांच्याकडे त्या उरल्या आहेत, त्यांना बारीकसारीक दुरुस्ती स्वतःस येणे सोयीचेच नव्हे, तर पुष्कळदा गरजेचे ठरते.

कायद्याची बाब थोडक्यात सांगतो. परराज्यात नोंदलेली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाची असल्यास मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणून तिची नव्याने नोंदणी करावी लागते आणि कर्नाटकाचा रस्ताकर भरावा लागतो. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. त्यानंतर गाडी तपासून घेऊन पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून घ्यावे लागते. धुराच्या तपासणीत नापास झालेली गाडी दारातच उभी राहते. म्हणून धूर ओळखणे हा दुरुस्तीचा पहिला धडा होय, आणि त्यासाठी एंजिनाचे तत्त्व समजले पाहिजे.

पेट्रोलच्या एंजिनात मिश्रण विजेच्या ठिणगीने पेटते. डिझेलच्या एंजिनात ठिणगी नसतेच. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली ऑग्सबर्ग येथे जे एंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले, त्यात केवळ हवा दाबली जात असे. सायकलच्या पंपाने चाकात हवा भरताना पंपाचे टोक गरम होते, हा अनुभव प्रत्येक मुलास आहे. हीच हवा तिच्या मूळ आकारमानाच्या विसाव्या-बाविसाव्या हिश्श्यापर्यंत एका क्षणात दाबली, तर तिचे तपमान ५०० अंश सेल्सियसच्याही वर जाते. अशा तप्त हवेत इंधनाचा बारीक फवारा सोडताच तो आपोआप पेट घेतो. यावरून डिझेल एंजिनाच्या दोनच मोठ्या मागण्या निष्पन्न होतात : भरपूर स्वच्छ हवा, आणि योग्य क्षणी जोराने सुटणारे स्वच्छ इंधन.

आता धुराकडे वळू. काळा धूर म्हणजे इंधन अधिक व हवा कमी. व्हाइटफील्डच्या रस्त्यांवर बांधकामाची धूळ सदैव उडत असते. तेथे हवेची गाळणी पुस्तकात दिलेल्या मुदतीपूर्वीच गच्च होते. काळा धूर दिसताच प्रथम तीच काढून उजेडासमोर धरावी आणि आरपार उजेड दिसत नसेल तर बदलावी. दुसरे कारण भूगोलात आहे. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब मुंबईच्या मानाने सुमारे दहा टक्क्यांनी कमी असतो, त्यामुळे टर्बो नसलेल्या एंजिनास प्रत्येक श्वासात तितकाच कमी प्राणवायू मिळतो. चढावर भरल्या गाडीने थोडा काळा धूर सोडला, तर तेवढ्यावरून ती रोगी ठरत नाही. निळा धूर वंगणतेल जळत असल्याचे सांगतो. त्याचा उपाय घरी नाही.

पांढरा धूर, विशेषतः डिसेंबरच्या गार सकाळी गाडी सुरू करताना, म्हणजे न जळलेले इंधन. या जुन्या एंजिनांत प्रत्येक सिलिंडरला एकेक ‘हीटर प्लग’ असतो. तो विजेने लाल होऊन थंड एंजिनास आरंभीची ऊब देतो. चारांपैकी एक बिघडला, तरी एंजिन काही काळ थडथडते. परीक्षा सोपी आहे. प्लगांना जोडणारी पट्टी सोडवावी. बारा व्होल्टच्या दिव्याची एक तार बॅटरीच्या धन टोकास व दुसरी एकेका प्लगच्या टोकास लावावी. दिवा पेटला तर आतील तार शाबूत आहे. पेटला नाही तर तो प्लग तुटला. नवा प्लग बसविताना आटे हातानेच लावावेत आणि शेवटीच पान्याने बेताचे आवळावे.

डिझेल मोटारीचा सर्वांत वारंवार येणारा आणि मालकास सर्वांत गोंधळात टाकणारा आजार मात्र निराळाच आहे. टाकी रिकामी होऊन गाडी थांबते. डबाभर डिझेल आणून ओतले जाते. तरीही एंजिन सुरू होत नाही आणि बॅटरी संपेपर्यंत किल्ली फिरविली जाते. पेट्रोलच्या गाडीची सवय असलेल्यास हे अनाकलनीय वाटते. कारण असे : द्रव दाबला तरी फारसा आकसत नाही, हवा मात्र आकसते. नळीत शिरलेला बुडबुडा पंपाचा सारा जोर स्वतःच गिळतो. दाबावर दट्ट्या बुडबुड्याला बारीक करतो, माघारी जाताना बुडबुडा पुन्हा फुगतो आणि नोझल उघडण्याइतका दाब कधी तयारच होत नाही. डॉक्टर सुई टोचण्यापूर्वी पिचकारी उभी धरून हवा घालवितात, तेच येथे करावयाचे असते. इंग्रजीत या क्रियेस जो शब्द आहे, त्याचे शब्दशः भाषांतर ‘रक्तस्राव करणे’ असे होईल. आपल्या मिस्त्रींचा ‘एअर काढणे’ हा प्रयोग त्याहून कितीतरी सरळ आहे.

डिझेलच्या गाळणीच्या डोक्यावर बहुधा हाताने दाबावयाचा छोटा पंप असतो. त्याशेजारचा हवेचा स्क्रू थोडा सैल करावा, खाली फडके धरावे आणि हातपंप दाबीत राहावे. प्रथम फेस येतो. मग बुडबुड्यांविरहित डिझेलची धार येऊ लागली की स्क्रू आवळावा. एवढ्यानेही एंजिन सुरू न झाल्यास, जुन्या पद्धतीच्या यांत्रिक पंपाच्या गाडीत, नोझलांकडील दोन नळ्यांचे नट अर्धा फेरा सैल करून त्यांवर फडके टाकावे व किल्ली दहा सेकंद फिरवावी. नटांतून डिझेल ठिबकू लागताच ते आवळावेत. नट सैल असताना दाब साठत नाही, म्हणून हे चालते. दोन प्रयत्नांमध्ये स्टार्टरला विश्रांती द्यावी. गाळणीच्या तळाशी पाणी सोडण्याचा स्क्रू असतो. पाणी डिझेलहून जड असल्याने खाली बसते. पावसाळ्यात तो स्क्रू महिन्यातून एकदा उघडून पाण्याचे थेंब काढून टाकावेत.

येथे एक इशारा ठळकपणे देणे प्राप्त आहे. चालू एंजिनात नोझलकडे जाणाऱ्या इंधनाचा दाब जुन्या गाड्यांत वातावरणाच्या शंभर पटींहून अधिक, तर अलीकडच्या ‘कॉमन रेल’ गाड्यांत हजार पटींहून अधिक असतो. अशा नळीच्या बारीक चिरेतून सुटणारी अदृश्य धार कातडी भेदून इंधन आत सोडते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, दुखतही नाही, आणि काही तासांत बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. गळती शोधताना हात कधीही फिरवू नये. पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. असा अपघात झालाच, तर जखम क्षुल्लक दिसली तरी तत्काळ शल्यचिकित्सकाकडे जाऊन ‘डिझेल आत गेले आहे’ असे स्पष्ट सांगावे. कॉमन रेल गाडीच्या नळ्या घरी सैल करण्याचा विचारही करू नये. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये, हे तर सांगावयास नकोच; तथापि सांगितले.

इस्टेट गाडीचा म्हणून एक खास धोका आहे. लांब कपाट किंवा पलंगाच्या फळ्या नेताना मागचे दार उघडे ठेवून गाडी हाकण्याचा मोह होतो. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि नळीतून सुटलेला धूर उलट फिरून आत ओढला जातो. मागे मुले बसलेली असताना हे तर विषच. पाचवे दार वर धरणारे वायूचे दांडे जुने होऊन ढिले पडले असल्यास ते वेळीच बदलावेत, नाहीतर दार डोक्यावर येते.

वंगणतेल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळे पडते. ती काजळी आहे, दोष नव्हे. मात्र तेलाची पातळी घटण्याऐवजी वाढलेली दिसली, तर त्यात डिझेल मिसळत आहे असे समजून गाडी थांबवावी. काढलेले तेल गटारात ओतू नये. व्हाइटफील्डलगतच्या वर्तूर तलावाचे पाणी आधीच पुरेसे दूषित आहे. ते डब्यात भरून तेल बदलणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

इंधन-पंप आणि नोझले यांना मात्र घरी हात लावू नये. त्यांतील भाग एकमेकांत इतके नेमके बसविलेले असतात की, धुळीचा कणही त्यांचा घात करतो. १९५१ साली स्थापन झालेल्या ‘मायको’ कंपनीने, आजच्या बॉशने, बंगळूरच्या आडुगोडी भागातच असे पंप बनवून भारतातील डिझेल एंजिनांना पुरविले. त्यामुळे या शहरात पंप तपासणारे जाणकार मिस्त्री पूर्वीपासून आहेत. पंप त्यांच्याकडे नेताना नळ्यांची उघडी तोंडे स्वच्छ प्लॅस्टिकने बांधावीत आणि कोणती नळी कोणत्या सिलिंडरची, हे चिकटपट्टीवर १, २, ३, ४ असे लिहून ठेवावे.