'शॉक'ची भीती : एक कादंबरी आणि आजचे उपचार

गेल्या महिन्यात एक तरुण आईला घेऊन दवाखान्यात आला. बाईंचे वय अठ्ठावन्न. तीन महिने उदासी, जेवण जवळजवळ बंद, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहणे. दोन प्रकारची औषधे देऊन झाली होती. जिल्ह्याच्या मनोविकारतज्ज्ञांनी विजेच्या झटक्यांचा, म्हणजे 'ईसीटी'चा उपचार सुचवला होता. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, मी मोबाइलवर तो इंग्रजी सिनेमा पाहिला. आईला तसलं काही करू देणार नाही."

तो सिनेमा म्हणजे 1975 सालचा 'वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट'. मूळ कादंबरी अमेरिकन लेखक केन केसी यांची, 1962 साली प्रसिद्ध झालेली. केसी स्वतः कॅलिफोर्नियातील एका सरकारी रुग्णालयाच्या मनोरुग्ण विभागात रात्रपाळीला मदतनीस होते.

गोष्ट ओरेगॉन राज्यातील मनोरुग्णालयात घडते. मॅकमर्फी नावाचा रांगडा कैदी शेतावरची सक्तमजुरी चुकवण्यासाठी वेडाचे सोंग घेऊन तेथे येतो. वॉर्डावर हुकमत नर्स रॅचेड यांची. पहिल्याच सकाळी तो दात घासायला टूथपेस्ट मागतो, तर ती कुलपात! ठराविक वेळेआधी मिळणार नाही. का, तर तसा नियम आहे. गडी साबणाच्या पावडरीने दात घासतो. या माणसाचे सारे बंड अशा साध्या 'का?'पासून सुरू होते. रुग्णांनी एकमेकांचे बोलणे वहीत टिपून नर्सला कळवायचे, हीही तेथली रीत. माणसे घाबरून एकमेकांवरच नजर ठेवतात.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पुढचा प्रसंग. मॅकमर्फीला कळते की आपली सुटका आता शिक्षेच्या मुदतीवर नाही, रुग्णालयाच्या मर्जीवर आहे. तो एकदम गप्प होतो. नंतर त्याला समजते की वॉर्डातले बरेच जण आपणहून दाखल झालेले आहेत, उद्या म्हटले तर घरी जाऊ शकतात. तरी जात नाहीत! शेवट वाईट आहे. आधी शिक्षा म्हणून झटके, मग मेंदूची शस्त्रक्रिया, आणि धडधाकट माणसाचा लोळागोळा. (नर्स मंडळींवर या पुस्तकाने अन्याय केला, असे माझे मत आहे. पण तो विषय वेगळा.)

आता वैद्यकीय भाग. मेंदूच्या त्या शस्त्रक्रियेबद्दल पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांना 1949 साली नोबेल पारितोषिक मिळाले होते, यावर आज विश्वास बसत नाही. मनोविकारांवर परिणामकारक औषधे 1952 नंतर येऊ लागली आणि ती मागे पडली. विजेचा उपचार 1938 साली रोममध्ये सुरू झाला. कादंबरीत रुग्णाला जागेपणीच टेबलावर बांधून झटका देतात. पूर्वी भूल न देता हा उपचार होत असे, आणि आचक्यांनी हाडे मोडत.

आज भूलतज्ज्ञ इंजेक्शन देऊन रुग्णाला झोपवतात, स्नायू सैल करण्याचे औषध देतात, प्राणवायू लावतात. वीज काही सेकंदच जाते. आठवड्यात दोन-तीन वेळा, एकूण साधारण सहा ते बारा वेळा. तीव्र नैराश्यात, विशेषतः रुग्णाने अन्नपाणी सोडले असेल तर, हा उपचार औषधांपेक्षा लवकर गुण देतो. डोके दुखते, थोडा वेळ गोंधळल्यासारखे होते. त्या दिवसांच्या आठवणी पुसट होतात, काहींच्या कायमच्या जातात. हे लपवू नये.

आपल्याकडे 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल व स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय झटके देण्यास बंदी केली आहे. रुग्णाला साखळीने बांधण्यासही मनाई आहे. स्वेच्छेने दाखल झालेल्या प्रौढ रुग्णाने घरी सोडा म्हटले तर सोडावे लागते. तपासणीसाठी फार तर चोवीस तास थांबवता येते, तेही कायद्यात दिलेल्या कारणांसाठीच.

मुलाला मी म्हटले, "मॅकमर्फीसारखा जा आणि विचार. भूल कोण देणार? किती वेळा? आठवणीचे काय? नाही म्हटले तर दुसरा इलाज कोणता?" त्याने औषधाच्या चिठ्ठीमागे सगळे लिहून घेतले. मग म्हणाला, "सही मीच करायची ना?" मी सांगितले, आईला उपचार समजत असेल तर संमती तिचीच. तिला विचारलेस का?

त्याने विचारले नव्हते. मीच खुर्ची जवळ ओढून सगळे सावकाश सांगितले. बाईंनी बराच वेळ उत्तर दिले नाही. मग हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी उपाशीपोटी जायचं का?"

होय, भुलीआधी काही तास पोट रिकामे लागते. पुढच्या सोमवारी दोघे जिल्ह्याला गेले. चिठ्ठी बाईंच्या पिशवीत होती.