गुप्तरोगांची दोन पानं: 'नीट'साठी किती खर्च कराल?

बारावीच्या एनसीईआरटी जीवशास्त्रात, प्रजनन आरोग्याच्या प्रकरणात, लैंगिक संसर्गाच्या आजारांना जेमतेम दोन पानं आहेत. त्यासाठी अमरावती-अकोल्यातल्या पालकांनी वेगळं मोड्यूल किंवा क्रॅश कोर्स घेऊ नये. पुस्तक एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. झेरॉक्सला लागतील ते पाच-दहा रुपये.

चुकत नाही ते परीक्षा शुल्क. 2025 साली ते खुल्या वर्गाला 1700, ओबीसी (नॉन-क्रीमी लेयर) आणि ईडब्ल्यूएसला 1600, तर एससी, एसटी व दिव्यांगांना 1000 रुपये होतं. क्लासची फी भरण्याआधी महाज्योतीची जाहिरात जरूर पाहा. ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या, अकरावी विज्ञानाला गेलेल्या मुलांना ही संस्था मोफत ऑनलाइन शिकवणी, टॅब आणि इंटरनेट डेटा देते.

आता अभ्यास. जिवाणूंमुळे होणारे तीन आजार पक्के करा: गोनोरिया (निसेरिया गोनोरी), सिफिलिस (ट्रेपोनेमा पॅलिडम) आणि क्लॅमिडिया (क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस). ट्रायकोमोनिएसिस आदिजीवामुळे होतो, बाकीचे विषाणूंमुळे. मुलं फसतात ती पुढे. विषाणूचा म्हणजे बरा न होणारा, असं धरून ती जेनिटल वॉर्ट्सवर खूण करतात. पुस्तकाप्रमाणे हिपॅटायटिस-बी, जेनिटल हर्पिस आणि एचआयव्ही हे तीनच पूर्ण बरे होत नाहीत. बाकीचे वेळेत ओळखले तर होतात. 2019 च्या 'नीट'मध्ये नेमकं हेच विचारलं होतं, उत्तर हर्पिस. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा, म्हणजे एका खुणेत पाच गुणांचा फरक. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, पण भाषांतराबद्दल शंका आली तर इंग्रजी पाठ ग्राह्य धरतात. म्हणून नावं इंग्रजीतूनही लिहून काढा.

हा धडा वर्गात पुष्कळदा लाजेपोटी घाईत उरकला जातो. मुलांनी थांबवून विचारावं, मुलींनीही. फी त्यासाठीच भरलेली असते. हे आजार 15 ते 24 वयात जास्त आढळतात असं पुस्तकच सांगतं, आणि वाचणारी मुलं त्याच वयाची आहेत. कुणाला स्वतःबद्दलच शंका असेल तर मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेऊ नका. जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी मेडिकल कॉलेजांत 'सुरक्षा क्लिनिक' असतं. तिथे सल्ला आणि औषधं मोफत मिळतात, माहिती गुप्त राहते. अमरावतीकरांनी इर्विनमध्ये, अकोलेकरांनी सर्वोपचारमध्ये चौकशी करावी. घरून विचारायचं असेल तर 1097 हा फोन निःशुल्क आहे.