बाळा, तुला त्यातून मिळतं काय?

मुलाच्या दप्तरात किंवा गाडीच्या डिकीत कधीतरी काहीतरी सापडतं. गुटख्याची पुडी, सिगारेटचं पाकीट, व्हेप, नाहीतर क्वार्टर. घरात आकांत होतो. "कुणाच्या नादी लागलास?", "आम्ही तुला काय कमी केलं?" आणि शेवटी, "माझ्या गळ्याची शपथ घे." मुलगा शपथ घेतो. त्या क्षणी तो ती मनापासूनच घेत असतो, यावर विश्वास ठेवा. काही दिवसांत ती मोडते, आणि आईची शपथ मोडल्याची टोचणी विसरायलाही त्याला तेच लागतं.

पालकहो, या गदारोळात एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. बाळा, तुला त्यातून मिळतं काय?

कुतूहल म्हणून पहिला घोट घेणारी, पहिला झुरका ओढणारी मुलं पुष्कळ असतात. त्यातल्या बऱ्याच जणांना व्यसन लागत नाही. मग काहींनाच का लागतं? जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून दिसतं, की दारूच्या व्यसनाचा धोका साधारण निम्मा आनुवंशिक असतो. म्हणून घरातले कुणी काका, आजोबा दारूने गेले असतील, तर "पोटाच्या आजाराने गेले" असं मुलांना सांगू नका. घराण्यात मधुमेह आहे हे सांगतो, तसं हेही सांगावं. त्यात वयाची भर पडते. 'थांब' म्हणणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, मौजेची ओढ मात्र वयात येतानाच जोर धरते. आणि यापलीकडे एक गोष्ट असते, जिच्याकडे घरात सहसा कुणाचं लक्ष जात नाही. मूल आधीपासून काय सोसतंय?

समजा, तालुक्याच्या गावातून एक मुलगा इंजिनिअरिंगला पुण्यात आला. चार लोकांत बोलायचं म्हटलं की घशाला कोरड, तळहाताला घाम. हजेरीत नाव पुकारलं तरी छातीत धडधड. घरी याला "आमचा लाजाळू आहे" म्हणतात. खरं तर ही चिंतेच्या आजाराची लक्षणं असू शकतात आणि त्यावर उपचार आहेत. एका रात्री रूमवर मित्र ग्लास पुढे करतात. दोन पेगनंतर हा जन्मात पहिल्यांदा किस्सा सांगतो आणि सगळे हसतात. त्याच्या दृष्टीने ती दारू नव्हतीच, ते औषध होतं. पण दारू उतरू लागली की पहाटे झोप मोडते आणि धडधड आधीपेक्षा वाढून परत येते. मग प्रेझेंटेशनच्या आधी सकाळीच एक घोट. ज्याने बरं वाटत होतं, तेच आता आजार वाढवतंय, आणि त्याला वाटतं आपलं टेन्शनच वाढलंय. सिगारेटचंही असंच आहे. निकोटिनचं रक्तातलं प्रमाण दोनेक तासांत निम्म्यावर येतं, जीव कासावीस होतो. पुढच्या झुरक्याने तेवढी तलफ भागते, आणि मुलगा म्हणतो, "टेन्शन गेलं."

कुणाच्या पोटात नैराश्य असतं, कुणाला एका जागी मन लावणं जन्मतःच जड जातं आणि शाळाभर 'ढ' म्हणून बोलणी बसलेली असतात. कुणा मुलीवर लहानपणी अत्याचार झालेला असतो आणि ते तिने कुणालाच सांगितलेलं नसतं. मनाचं दुखणं आधी की व्यसन आधी, हा घोळ पालकांना फार छळतो. खरं म्हणजे दोन्ही वाटांनी येता येतं. दारूनेही नैराश्य येतं. कोवळ्या वयात गांजाचं सेवन जास्त असेल तर भ्रम-भास होण्याचा धोका वाढतो. म्हणून उपचार दोन्हींवर एकत्रच व्हावे लागतात. नुसती बाटली सोडवली आणि उदासी तशीच ठेवली, तर बाटली परत येते.

परिस्थितीचं बळ किती असतं, याचा एक दाखला व्हिएतनाम युद्धाचा आहे. तिथे पाच अमेरिकन सैनिकांतला जवळपास एक हेरॉइनसारख्या अमली पदार्थांच्या आहारी गेला होता. ली रॉबिन्स या संशोधिकेने १९७१ साली परतलेल्यांचा मागोवा घेतला, तेव्हा त्या व्यसनींपैकी फार थोडे पहिल्या वर्षात पुन्हा त्यात अडकलेले आढळले. भीती, कंटाळा आणि सहज मिळणारा माल, ही तिन्ही मागे राहिली होती.

आपल्याकडे पुण्यात १९८६ साली 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं, ते लेखक अनिल अवचटांच्या गर्दच्या व्यसनावरच्या लेखनातून आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून. त्याची धुरा वाहिली डॉ. अनिता अवचट यांनी, आणि त्या मनोविकारतज्ज्ञ होत्या. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मनाच्या त्रासाला मानसिक आजारात धरलं आहे. तरी अजून घरोघरी "माझा मुलगा वेडा आहे का, वेड्यांच्या डॉक्टरकडे न्यायला?" असं म्हणतात आणि वर्षं वाया जातात.

त्या वर्षांत काय काय होतं! "दोनाचे चार हात झाले की सुधारेल" म्हणून लग्न लावलं जातं आणि एका परक्या मुलीच्या आयुष्याची राख होते. "न कळत दारू सोडवा" अशा जाहिराती वाचून आई भाजीत पूड कालवते. अशा पुड्यांत डायसल्फिराम असू शकतं. ते पोटात असताना दारू प्यायली तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. कृपा करून हे करू नका. आणि रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू एकदम तोडू नका. दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, तो बरळू लागतो. अशी दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची असते.

मुलाला विचारायचं ते तो शुद्धीत असताना, दोघंच असताना, वडिलांनी आवाज न चढवता. "कधीपासून?" याच्या आधी "हे घेतलं की कसं वाटतं तुला?" विचारा. उत्तर कदाचित पहिल्या दिवशी येणार नाही. आलं, तर मध्येच तोडू नका, उपदेश करू नका. "झोप लागते" किंवा "डोक्यातले विचार थांबतात" असं तो म्हणाला, तर तुम्हाला डॉक्टरांना सांगण्यासारखं काहीतरी हाती आलं.

तो डॉक्टरांकडे यायला तयार नसेल, तरी तुम्ही जा. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी, मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. तिथे फोन आई-वडीलही करू शकतात.